चुणी पडते कशी आणि जाते कशी

सकाळी डोंबिवलीला गाडीत चढताना शर्ट परीटघडीचा असतो. दादरला उतरून खाली पाहावं तर कोपराच्या आतल्या बाजूला पंख्यासारख्या चुण्या, पाठीवर आडव्या रेघा आणि पोटाशी बॅग धरली होती तिथे तिच्या पट्ट्याचा ठसा. सगळं तासाभरात. तोच शर्ट घरी हँगरवर आठ दिवस लटकला असता तरी त्याला काही झालं नसतं.

हे गर्दीच्या चेंगराचेंगरीमुळे होतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. दाब लागतोच, पण नुसत्या दाबाचं हे काम नाही. गाडीत त्या शर्टाला तीन गोष्टी एकदम मिळतात. अंगाची ऊब, घामाची ओल आणि शेजाऱ्यांचा दाब. मग दादरच्या पुलावर जरा वारा लागतो, घाम वाळतो आणि त्या क्षणी कापड जसं दुमडलेलं असेल तसंच पक्कं होतं. आता इस्त्रीवाला काय करतो ते आठवा. पाणी मारतो, गरम करतो, दाबतो, वाळवतो. यादी तीच आहे. फरक इतकाच की तो कापड सपाट धरून करतो आणि लोकल ते चुरगळून करते. चुणी पडणं आणि चुणी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

त्यासाठी धाग्याच्या आत डोकवावं लागेल. सुती धागा म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो कण एकामागे एक जोडले गेले की सेल्युलोजची एक लांबलचक साखळी होते. कापसाच्या एका तंतूत अशा अगणित साखळ्या शेजारी-शेजारी असतात. प्रत्येक साखळीला बाजूने छोटे हात असतात असं समजा. ते शेजारच्या साखळीचे हात धरतात. रसायनशास्त्रात या हात धरण्याला हायड्रोजन बंध म्हणतात. एकेकट्या बंधाची पकड अगदीच ढिली असते, पण असे हात असंख्य असल्यामुळे कोरडं कापड आपला आकार धरून राहतं.

यात पाणी शिरलं की गडबड होते. पाण्याच्या कणालाही तसेच हात असतात. तो दोन साखळ्यांच्या मध्ये घुसतो आणि दोघींचे हात आपल्याच हातात घेतो. साखळ्या एकमेकींपासून सुटतात, घसरायला मोकळ्या होतात, कापड लुळं पडतं. पाणी उडून गेलं की ते सगळे हात पुन्हा रिकामे होतात आणि जो जवळ असेल त्याचा हात धरतात. आधी कोणाचा धरला होता याची त्यांना आठवण नसते. कापड त्या वेळी चोळामोळा झालेलं असेल तर चोळामोळा कायम. सपाट असेल तर सपाट.

याच गोष्टीकडे तापमानाच्या अंगानेही बघता येतं. अशा धाग्यांचं एक ठरावीक तापमान असतं. त्याच्याखाली धागा काचेसारखा ताठ आणि त्याच्यावर रबरासारखा मऊ, वळेल तसा वळणारा. अगदी कोरड्या सेल्युलोजसाठी हा आकडा २०० अंश सेल्सियसच्या वर जातो. तिथपर्यंत पोचायचं म्हणजे शर्ट करपवायची तयारी हवी. पण सेल्युलोजमध्ये पाणी मुरलं की हा आकडा घसरत घसरत घरातल्या नेहमीच्या तापमानापर्यंत खाली येतो. म्हणजे ओलं सुती कापड गरम न करताही मऊच असतं. सुती कपड्याची चुणी सोडवतं ते पाणी. इस्त्रीचं काम त्यानंतरचं. कापड सपाट दाबून धरायचं आणि तशा अवस्थेत पाणी झटकन उडवून लावायचं.

आपल्या आधीच्या पिढ्यांना सेल्युलोज माहीत नव्हतं, पण हे माहीत होतं. लुगडं ओलं असतानाच दोघींनी दोन टोकांना धरून झटके देत ताणायचं आणि तसंच ताणून वाळत घालायचं. घरात इस्त्री नसेल तर तांब्यात निखारे भरून त्याचा बुडखा कापडावरून फिरवायचा. शाळेची पँट रात्री घडी करून गादीखाली घालायची, वर आपण झोपायचं. यातली गादीची युक्ती मला फार आवडते. अंगाची ऊब, गादीतला थोडा दमटपणा, चाळीस किलोंचा मुलगा आणि हाताशी आठ तास. ती एक संथ इस्त्रीच झाली.

‘इस्त्री’ हा शब्द, जाता जाता, दिसतो संस्कृत पण आहे पोर्तुगीज. ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणे. गोव्याकडून आपल्याकडे आला आणि इतका मुरला की परका वाटतच नाही. त्या मूळ शब्दात उष्णता कुठेच नाही, ताणणंच आहे.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीवाले काका बसतात. टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर मधोमध तपकिरी पडलेली चादर, कोळशाची जडशीळ इस्त्री आणि झाकणाला तापल्या खिळ्याने भोकं पाडलेली पाण्याची बाटली. कपड्यांचा गठ्ठा आला की ते इस्त्रीला हातच लावत नाहीत. एकेका शर्टावर पाणी शिंपडतात, त्याची घट्ट वळकटी करतात आणि अशा सात-आठ वळकट्या टेबलाच्या कडेला ओळीने लावून ठेवतात. मग चहा घेतात.

मी एकदा विचारलं, “काका, घाईच्या वेळीही हे गुंडाळून ठेवणं कशाला? पाणी मारून लगेच फिरवली तर नाही का चालणार?”

“थेंब पडला तिथे ओला, बाजूला कोरडा. असा शर्ट सरळ होतो काय? मुरायला लागतं पाणी,” ते म्हणाले. “लोणचं घालता ना घरी?”

बरोबर आहे. शिंपडलेला थेंब आधी धाग्यांच्या फटीत पसरतो, मग तंतूत शिरतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वळकटीत हवा लागत नाही, त्यामुळे पाणी बाहेर उडण्याऐवजी आत सगळीकडे सारखं होतं. साध्या हवेत ठेवलेल्या कापसात एरवीही वजनाच्या आठ-साडेआठ टक्के पाणी असतंच, पण चुणी सुटायला ते पुरत नाही. घरी इस्त्री करणाऱ्यांनी या लेखातलं एकच काही उचलायचं असेल तर ही वळकटी उचलावी. किंवा त्याहून सोपं म्हणजे दोरीवरून कपडे थोडे दमट असतानाच काढावेत. कडकडीत वाळू देऊन नंतर पुन्हा ओले करण्यात काय शहाणपण आहे!

कडकडीत वाळण्याची गंमतही याच खात्यात जमा होते. उन्हात वाळलेला टॉवेल पापडासारखा का होतो, याचा २०२० मध्ये जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठाच्या आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी छडा लावला. कापूस वाळला असं आपल्याला वाटतं तेव्हाही तंतूंच्या पृष्ठभागावर थोडं पाणी चिकटून राहतं आणि तेच पाणी दोन तंतूंना डिंकासारखं जोडतं. टॉवेल झटकला की हे जोड तुटतात आणि तो मऊ पडतो. दोरीवर घालण्याआधी आई कपडा झटकते, तेव्हा त्याच्या मोठ्या चुण्या तर वाळण्याआधीच निघून गेलेल्या असतात.

पुन्हा काकांच्या टेबलाकडे. त्यांच्या इस्त्रीला कॉटन, सिल्क असं लिहिलेलं चक्र नाही. ते पाण्यात बोट बुडवून तळाला निसटतं चाटवतात आणि आवाज ऐकतात. घरी करायचं तर बोटाऐवजी पाण्याचा थेंब सोडावा. थेंब पसरून ‘चर्र’ करत लगेच नाहीसा झाला तर तळ शंभराच्या थोडा वर आहे. थेंब गोळी होऊन इकडून तिकडे पळायला लागला तर तळ फारच तापलाय. पळणारा थेंब स्वतःच्याच वाफेच्या गादीवर तरंगत असतो, म्हणून तो उलट जास्त वेळ टिकतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने १७५६ साली हे लिहून ठेवलं. डोशाचा तवा तापला का बघताना आपण रोज तेच पाहतो.

ओलं कापड इतक्या तापलेल्या इस्त्रीखाली जळत का नाही? कारण त्यात पाणी आहे तोवर सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि कापड शंभर अंशांच्या आसपासच राहतं. पाणी संपलं की मात्र काही सेकंदांत ते इस्त्रीच्या तापमानाला जाऊन पोचतं. फोन वाजतो, आपण वळून बघतो आणि तपकिरी डाग पडतो तो नेमका त्या सेकंदांत.

कोळशाच्या इस्त्रीची घडी घरच्या इस्त्रीपेक्षा कडक बसते, ही तक्रार आमच्या घरात कायमची आहे. त्यात काकांच्या हाताचा वाटा आहेच, पण इस्त्रीच्या वजनाचाही आहे. काकांची इस्त्री पाच-सहा किलोंची, आमची विजेची जेमतेम किलोभर. जड लोखंडात उष्णतेचा साठाही मोठा असतो, ओल्या कापडावर टेकल्यावर ते चटकन गार पडत नाही. हलक्या इस्त्रीवर आपण हाताने जोर देतो, पण तो शर्टाच्या शेवटापर्यंत टिकत नाही. वाफेच्या इस्त्रीने यातून दुसरी वाट काढली. वाफ कापडात शिरून तिचं पाणी होताना ग्रॅममागे ५४० कॅलरी उष्णता तिथेच सोडते, म्हणजे ओल आणि ऊब एकाच फेरीत पोचते. फक्त बोअरचं पाणी घालू नका. क्षारांनी तळाची भोकं बुजतात आणि एके दिवशी पांढऱ्या शर्टावर पिवळट पिचकारी उडते.

आणि एक चूक जवळपास सगळेच करतात. गरमागरम शर्ट इस्त्रीखालून काढून थेट अंगात घालतात. थंडीत सुख वाटतं, मीही शाळेत असताना यासाठी भावाशी भांडलोय. पण तो शर्ट अजून उबदार असतो, किंचित दमट असतो, म्हणजे मऊ असतो. त्यातले हात अजून कोणी धरायचेत ते ठरलेलं नसतं. अशा वेळी तो घालून रिक्षात बसलात की पाठीला रेघा पडणारच. पाच-दहा मिनिटं हँगरला लावा, पूर्ण गार होऊ द्या. इस्त्रीचं अर्धं काम इस्त्री उचलल्यानंतर होतं.

हे सगळं झालं कापसाचं. पॉलिस्टरचा कारभार उलटा आहे. त्याला पाण्याचं सोयरसुतक नाही. कापूस हवेतून साडेआठ टक्के पाणी घेतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. ओलं झालं काय, कोरडं राहिलं काय, आतल्या साखळ्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून घामाने ते चुरगळत नाही आणि म्हणूनच त्यात उकडतं. त्याला मऊ करते ती फक्त उष्णता, तीही ७० ते ८० अंशांना. म्हणजे पॉलिस्टरला कोमट इस्त्री पुरते. मशीनमध्ये कढत पाणी घालून वर जोरात पिळून काढलं तर मात्र त्यात अशा चुण्या बसतात की पुढच्या दहा धुण्यांत जात नाहीत. घागऱ्याच्या पक्क्या प्लीट्स कारखान्यात याच स्वभावाचा फायदा घेऊन पाडतात.

टेरिकॉट म्हणजे या दोघांचा संसार. टेरिलीनचा, म्हणजे पॉलिस्टरच्याच एका धाग्याचा, शोध इंग्लंडमध्ये १९४१ साली लागला आणि पुढे आपल्याकडे टेरिकॉटची पँट ही नोकरदार माणसाची शान झाली. माझ्या वडिलांची तशी एक होती, राखाडी रंगाची. कॉलेजात असताना मी मोठ्या मनाने तिला इस्त्री करायला घेतली आणि चक्र कॉटनवर ठेवलं. पँट अर्धी कॉटनच की! इस्त्री गुडघ्यावर टेकली आणि पुढे सरकायची बंद झाली. उचलली तर खाली होडीच्या नाकाच्या आकाराचा चकचकीत डाग आणि तळाला चिकटलेला काळा राप. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच पँट त्यांनी माझ्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, “आता तूच घाल.” मिश्र कापडात दोघांपैकी जो नाजूक असेल त्याचं ऐकायचं, हे मी त्या दिवशी शिकलो. चक्रावरच्या ठिपक्यांचाही हाच अर्थ आहे. एक ठिपका साधारण ११० अंश, दोन १५०, तीन २००. कपड्यांचा ढीग असेल तर एक ठिपकेवाल्यांपासून सुरुवात करावी, कारण इस्त्री तापते दोन मिनिटांत पण निवायला बराच वेळ घेते.

गडद पँटवर जळलेलं नसतानाही चकाकी येते, ती वेगळी. तिथे धाग्यांचे गोल माथे दबून सपाट होतात आणि छोट्या आरशासारखा उजेड परत फेकतात. उलट्या बाजूने इस्त्री केली किंवा मध्ये पातळ ओला रुमाल घातला तर ती टळते.

लोकरीची गोष्ट आपल्या केसांसारखी, कारण दोन्ही केराटिनच. ओले केस जसे बांधाल तसे वाळतात आणि पावसाळ्यात सरळ केलेले केस पुन्हा कुरळे होतात, तसंच लोकरीचं. ती हवेतलं पाणी कापसापेक्षाही जास्त ओढते. म्हणून लग्नाचा सूट गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात टांगून ठेवला तर बऱ्याच चुण्या आपोआप उतरतात. तिला दाबायची घाई करू नये.

पैठणीवर मात्र पाणी शिंपडू नका. रेशमावर थेंबाचा डाग राहतो, जरीचा काठ काळवंडायची भीती असते. उलट बाजूने, मध्ये मलमल घालून, मंद इस्त्री. तिचं खरं दुखणं चुणी हे नाहीच, घडी आहे. वर्षानुवर्षं त्याच रेषेवर दुमडलेली राहिली की रेशीम तिथेच चिरतं. म्हणून वर्षातून दोन-तीनदा उलगडून घडी बदलायची. नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला आपण ‘घडी मोडणं’ म्हणतो. साडीच्या तब्येतीसाठीही ती मोडलेली बरी.

मग ज्यांना चुण्या पडतच नाहीत ते दुकानातले शर्ट? तेही सुतीच, पण कारखान्यात त्यांच्या साखळ्या एका रसायनाने एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात. हात धरलेले नाहीत, साखळदंड घातलेले. पाणी मध्ये शिरलं तरी साखळ्या फार घसरत नाहीत, वाळल्यावर जिथल्या तिथे परत येतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्स इथल्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात या बांधणीचा पाया घातला, तोही सिंथेटिक धाग्यांपुढे कापूस मागे पडू नये म्हणून. याची किंमत कापड मोजतं. बांधलेल्या साखळ्यांना ताण वाटून घेता येत नाही, त्यामुळे असं कापड साध्या सुतीपेक्षा लवकर विरतं, कॉलरच्या कडेला आधी. शिवाय या प्रक्रियेत बहुतेकदा फॉर्मल्डिहाइड वापरतात किंवा ते सुटं होतं. नव्या शर्टाला जो उग्र वास येतो त्यात कधीकधी याचाही हात असतो. आधी एकदा धुऊन मगच घालावा.

खळीचं थोडक्यात. भाताची पेज किंवा साबुदाण्याची खळ म्हणजे स्टार्च, सेल्युलोजचाच चुलतभाऊ, तोही ग्लुकोजचा बनलेला. तो धाग्यांवर पातळ थर धरतो आणि इस्त्रीखाली वाळून ताठ होतो. पण तोही पाणी ओढतो, म्हणून जुलैत खळीचा कुर्ता दुपारपर्यंत मान टाकतो. कपाटात खूप दिवस ठेवायचे कपडे खळ न घालता ठेवावेत, कसर लागते.

आता विजेचं. १००० वॅटची इस्त्री सलग सहा मिनिटं चालली तर एक दशांश युनिट जळतं. एका जोडीला साधारण इतकंच. आकडा किरकोळ वाटतो, पण आपली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. इस्त्रीतला कोळसा संपला असं आपण म्हणतो, तो फक्त चंद्रपूरला गेला. याच विचाराने आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी यांनी ‘रिंकल्स अच्छे हैं’ ही मोहीम काढली आणि २०२४ च्या मे महिन्यात सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांमध्ये दर सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून येण्याचं आवाहन झालं.

ही बातमी मी काकांना वाचून दाखवली. ते कॉलरच्या टोकाकडून मध्याकडे इस्त्री नेत होते, कारण उलट नेली तर चुणी टोकाला गोळा होते. कॉलर पुरी झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

“सोमवारी ना? बरंय. रविवारी रात्रीची बेल तरी वाजणार नाही.”